जुन्या मोटारसायकलीची बॅटरी व विद्युत्-मंडल : दोषनिदानाची पद्धती

विषयप्रवेश

नाशिक शहरात आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोटारसायकली आजही वापरात आढळतात. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात रोजच्या कामास जुंपलेली बुलेट असो, की शहरातील एखाद्या कुटुंबाने वडिलांची आठवण म्हणून जपलेली जावा असो, या वाहनांचे यांत्रिक अंग प्रायः दणकट असते. त्यांचे दुखणे बहुधा विद्युत्-मंडलात असते. इंजिन सुस्थितीत असूनही गाडी सुरू होत नाही, दिवा मिणमिणतो, भोंगा घोगरा होतो, आणि "बॅटरी बसली" असा निर्णय तत्काळ दिला जातो.

या निर्णयाची परिणती बहुतेक ठिकाणी सारखीच होते. नवी बॅटरी बसविली जाते. आठ-दहा दिवस गाडी ठीक चालते व पुन्हा तीच तक्रार उद्‍भवते. मग कॉइल बदलली जाते, नंतर रेग्युलेटर, आणि अखेरीस सगळी वायरिंग काढून नवी घातली जाते. एवढा खर्च होऊनही मूळ दोष कित्येकदा जागच्या जागी राहतो.

खर्चापेक्षाही गंभीर असा एक परिणाम येथे लक्षात घेतला पाहिजे. मद्रास येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्‍फील्ड इंडिया कंपनीची बुलेट अखंड परंपरेने पुढे चालू राहिली. पण तिच्या जुन्या आवृत्त्यांचे विद्युत्-भाग आजच्या गाडीस लागू पडत नाहीत. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा व १९७३ पासून येझदी या नावाने गाड्या काढल्या, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आले खरे. परंतु त्या गाड्यांची विद्युत्-रचना सर्वस्वी निराळी आहे. तात्पर्य, जुन्या गाडीचा मूळ डायनॅमो किंवा नियामक चुकीच्या निदानाने भंगारात गेला, तर त्याच्या तोडीचा दुसरा मिळविणे दुर्घट होते. अशा स्थितीत निदानाची शिस्त हीच दुरुस्तीचा पहिला भाग ठरते.

प्रस्तुत लेखात या शिस्तीमागील भौतिक तत्त्वे आणि तदनुसार परीक्षेचा क्रम यांचे विवेचन केले आहे. लेखाचा मुख्य मुद्दा असा की, बॅटरीचे रिकामे होणे हे लक्षण आहे. त्यास रोग समजून उपचार करू नये. आणि रोगाचे स्थान अनुमानाने न ठरविता, मंडलातून प्रवाह वाहत असताना केलेल्या मापनाने ठरवावे.

सहा व्होल्टांची मर्यादा

जुन्या मोटारसायकलींपैकी पुष्कळांचे मंडल सहा व्होल्टांचे असते. नंतरच्या काळात बारा व्होल्ट रूढ झाले. हा फरक केवळ आकड्याचा नाही. समान शक्तीचा दिवा निम्म्या दाबावर पेटवावयाचा तर प्रवाह दुप्पट लागतो. तेव्हा एखाद्या जोडावरील रोध तोच राहिला तरी त्यावर होणारी दाबाची घट दुप्पट होते, आणि उपलब्ध दाबाशी तिचे प्रमाण काढल्यास ते चौपट भरते.

उदाहरणार्थ, ३५ वॅटचा दिवा घेऊ. बारा व्होल्टांवर त्यास सुमारे २.९ अँपिअर आणि सहा व्होल्टांवर सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह लागतो. मार्गात कोठेतरी गंजलेल्या जोडामुळे ०.१ ओहम रोध आला आहे असे मानू. बारा व्होल्टांच्या गाडीत सुमारे ०.३ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आतबाहेर. सहा व्होल्टांच्या गाडीत अर्ध्या व्होल्टाहून थोडी अधिक, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास घट होते. तप्त तारेच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणून पहिल्या गाडीचा प्रकाश आठ टक्क्यांनी उतरतो, तर दुसरीचा चतुर्थांशाहून अधिक. जो गंज बारा व्होल्टांच्या गाडीत लक्षातही येत नाही, तोच सहा व्होल्टांच्या गाडीत रात्रीचा प्रवास धोक्याचा करतो.

यात शक्तीच्या हिशेबाचीही भर पडते. समजा, एका गाडीचा डायनॅमो चांगल्या वेगात ४५ वॅट देतो. पुढील दिवा २५ वॅट, मागील ५ वॅट आणि प्रज्वलनाची कॉइल सरासरी १२ वॅट घेते. बेरीज ४२ होते. जमाखर्च जेमतेम जुळतो. आता प्रकाश वाढावा म्हणून मालकाने ३५ वॅटचा दिवा लावला, तर खर्च ५२ वॅटवर जातो व सात वॅटची तूट बॅटरीतून भागवावी लागते. कसारा घाटात मालमोटारींच्या रांगेमागे गाडी मंद गतीने चालू लागली की डायनॅमोचे उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. तेव्हा तूट ३० वॅट, म्हणजे पाच अँपिअर होते. आणि १४ अँपिअर-तास धारणशक्तीची पूर्ण भरलेली बॅटरीही तीन तासांच्या आत रिकामी होते. अशा गाडीत कोणताही भाग बिघडलेला नसतो. दोष हिशेबात असतो आणि तो हिशेबानेच सापडतो.

मंडलाचे चार घटक

निदानाच्या सोयीसाठी मंडलाचे चार घटक कल्पावेत : साठा म्हणजे बॅटरी, उत्पादक म्हणजे डायनॅमो किंवा आल्टरनेटर आणि त्यासोबतचे दिष्टकारक व नियामक, मार्ग म्हणजे तारा, किल्लीचे खटके, फ्यूज, जोड व परतीची वाट असलेला सांगाडा, आणि उपभोक्ते म्हणजे दिवे, भोंगा व प्रज्वलनाची कॉइल.

आरंभीच एक भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. काही गाड्यांत प्रज्वलन फ्लायव्हील मॅग्नेटोवर चालते. तेथे बॅटरी काढून ठेवली तरी इंजिन सुरू होते. काही गाड्यांत प्रज्वलन बॅटरी-कॉइल पद्धतीचे असते. तेथे बॅटरीचा दाब फार उतरला की ठिणगीच क्षीण होते. पहिल्या प्रकारच्या गाडीत "इंजिन सुरू होत नाही" या तक्रारीसाठी बॅटरीस दोष देणे निरर्थक आहे. दुसऱ्या प्रकारात तो संशय रास्त असतो. परंतु तेवढ्यावर चौकशी संपत नाही.

परीक्षेचा क्रम साठा, मार्ग, उत्पादक, उपभोक्ते असा ठेवणे श्रेयस्कर होय. कारण, साठ्याची स्थिती निश्चित झाल्यावाचून पुढील कोणत्याही मापनाचा अर्थ लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर तेच मापन पुन्हा घ्यावे, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही तंतोतंत लागू पडतो. दोन भाग एकदम बदलून दोष नाहीसा झाला, तर तो कोणत्या भागात होता हे कायमचे अज्ञात राहते.

बॅटरीची परीक्षा

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये लावला. तिचे रसायन आजही तेच आहे. प्रवाह देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते व द्रवातील गंधकाम्ल खर्ची पडून पाणी निर्माण होते. आम्ल स्वतः विक्रियेत भाग घेत असल्यामुळे द्रवाचे विशिष्ट गुरुत्व हे साठ्याचे थेट माप ठरते. पूर्ण भरलेल्या घटात ते १.२६ ते १.२८, निम्म्यावर सुमारे १.२०, आणि रिकाम्या घटात १.१२ च्या आसपास असते.

विशिष्ट गुरुत्व आणि घटाचा स्थिर दाब यांचे नाते एका सोप्या सूत्राने सांगता येते : विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळविले की व्होल्टांत दाब मिळतो. १.२६ या गुरुत्वास २.१० व्होल्ट, म्हणजे तीन घटांच्या बॅटरीस ६.३० व्होल्ट, १.१३ या गुरुत्वास १.९७ व्होल्ट, म्हणजे बॅटरीस ५.९१ व्होल्ट. भरलेल्या व रिकाम्या बॅटरीतील अंतर अर्ध्या व्होल्टाच्या आतबाहेर असल्यामुळे मापकाच्या दशांशास येथे महत्त्व आहे. मापन बॅटरी काही तास स्वस्थ राहिल्यावर घ्यावे. नुकतीच भरलेली बॅटरी खोटा उच्च दाब दाखविते, आणि नुकतेच पाणी घातलेल्या घटाचे गुरुत्व, द्रव नीट मिसळेपर्यंत, विश्वसनीय नसते.

तीन घटांचे गुरुत्व एकमेकांशी ताडून पाहणे हे या परीक्षेतील सर्वांत बोधक अंग होय. तिन्ही घट सारखेच उतरलेले असतील, तर बॅटरीस पुरेसे भरण मिळत नाही किंवा कोठेतरी प्रवाह गळतो असा निष्कर्ष निघतो. अशी बॅटरी बदलण्याचे कारण नाही. एकच घट इतरांपेक्षा ०.०५ हून अधिक खाली असेल व भरूनही वर येत नसेल, तर त्या घटात अंतर्गत दोष आहे. आधुनिक बंदिस्त बॅटरीत ही परीक्षा करता येत नाही. तेथे स्थिर दाब व भाराखालील दाब यांवरच विसंबावे लागते.

स्थिर दाबावरून साठा कळतो. पण प्रवाह देण्याचे सामर्थ्य कळत नाही. दीर्घकाळ रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचे मोठे, कठीण स्फटिक बनतात व अंतर्गत रोध वाढतो. अशी बॅटरी मोकळी असता ६.३ व्होल्ट दाखवू शकते आणि दिवा लावताच कोसळते. म्हणून भाराखालील परीक्षा अनिवार्य आहे. सहा अँपिअरच्या भारावर दाब ६.३ वरून ६.० वर आला, तर दाबातील फरकास प्रवाहाने भागून अंतर्गत रोध ०.०५ ओहम येतो. हे समाधानकारक आहे. तोच दाब ५.१ वर आला तर रोध ०.२ ओहम निघतो आणि बॅटरी निरुपयोगी ठरते. एवढे झाल्यावरच बॅटरीसंबंधी निर्णय द्यावा.

यानंतर गळती तपासावी. किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या एका अग्राशी अँपिअरमापक एकसरीत जोडावा. ज्या जुन्या गाडीत कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण नाही, तीत वाचन शून्यवत असले पाहिजे. ५० मिलिअँपिअरची क्षुल्लक वाटणारी गळतीही १४ अँपिअर-तासांची बॅटरी बारा दिवसांच्या आत रिकामी करते. "नवी बॅटरी आठ-दहा दिवस टिकते" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एवढीच गोष्ट असते. बॅटरी-कॉइल गाडीत इंजिन थांबवून किल्ली चालू राहिली व त्या वेळी पॉइंट जुळलेले असले, तर तीन-चार अँपिअर प्रवाह कॉइलमधून वाहत राहतो; चार तासांत बॅटरी रिकामी होते आणि कॉइल तापून दुबळी होते.

मार्गाची परीक्षा व मापकाचा भ्रम

मार्गातील दोष शोधताना सुशिक्षित परीक्षकाची एक विशिष्ट चूक होते. तो किल्ली चालू करतो, दिवा काढून ठेवतो, आणि दिव्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावतो. मापक सहा व्होल्ट दाखवितो व मार्ग निर्दोष ठरविला जातो. आजच्या अंकदर्शी मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सामान्यतः एक कोटी ओहम असतो. त्यातून वाहणारा प्रवाह एका मायक्रोअँपिअरहूनही कमी असतो. मार्गात शंभर ओहमांचा गंज असला तरी एवढ्या प्रवाहाने त्यावर मोजण्याजोगी घटच होत नाही. तार तुटून एकच धागा शिल्लक राहिला असला तरी मापक सहा व्होल्टच दाखवील. मापकाचे वाचन खरे असते. मात्र विचारलेला प्रश्न चुकीचा असतो.

नाशिकरोड येथील मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर देशातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत परिचित आहेत. अशा काट्याच्या मापकाची संवेदनशीलता व्होल्टास २०,००० ओहम असली, तरी दहा व्होल्टांच्या टप्प्यावर त्याचाही रोध दोन लक्ष ओहम होतो. जोडातील लहान रोध शोधण्यास तोही अशा रीतीने वापरून उपयोगी नाही. जुना मिस्त्री दोन तारा जोडलेला बल्ब घेऊन फिरतो, त्यात शास्त्रीय तथ्य आहे. बल्ब मार्गाकडून खरा प्रवाह मागतो, आणि सदोष मार्ग तो देऊ शकत नाही.

मल्टिमीटरचा योग्य उपयोग दाबाची घट मोजण्यात आहे. दिवा जागेवर लावून पेटवावा. मापकाचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राशी व दुसरे दिव्याच्या धन टोकाशी लावावे. मार्ग आदर्श असेल तर वाचन शून्य येईल. जे वाचन येईल ती त्या मार्गातील घट. नंतर बॅटरीचे ऋण अग्र व दिव्याचे कवच यांच्या दरम्यान तेच मापन करावे. ही परतीच्या वाटेवरील घट होय. सहा व्होल्टांच्या गाडीत कोणत्याही एका बाजूस ०.२ व्होल्टांहून अधिक घट आढळल्यास मार्ग निम्मा-निम्मा करीत जावे : बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते किल्ली, किल्ली ते खटका, खटका ते दिवा. ज्या टप्प्यात घट एकवटलेली आढळेल तेथेच दोष असतो. या पद्धतीत एकही तार कापावी लागत नाही आणि एकही भाग बदलावा लागत नाही.

परतीच्या वाटेकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मोटारसायकलीत बॅटरीचे एक अग्र सांगाड्यास जोडलेले असते आणि सर्व प्रवाह लोखंडातून परत येतो. जुनी गाडी नव्याने सजविताना सांगाडा, इंजिनाचे टेकू, पुढील दिव्याची वाटी या सर्वांवर जाड रंग चढविला जातो. रंग हा विद्युत्-रोधक आहे. बोल्टखाली पूर्वी धातूशी धातू भिडत होता, तेथे आता रंगाचा थर येतो. सजावटीपूर्वी चालू असलेली गाडी सजावटीनंतर विद्युत्-दोष दाखवू लागते, याचे हे अत्यंत सामान्य कारण आहे. अर्थिंगच्या जागेवरील रंग खरवडून व इंजिनापासून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र जाड तार टाकून हा दोष अल्प खर्चात निवारता येतो.

उत्पादकाची परीक्षा

साठा व मार्ग निर्दोष ठरल्यावर उत्पादकाकडे वळावे. बॅटरीच्या अग्रांवर मापक लावून इंजिन मध्यम वेगाने चालवावे व इतर भार बंद ठेवावा. सहा व्होल्टांच्या गाडीत दाब सुमारे ७.० ते ७.२ आणि बारा व्होल्टांच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्टांपर्यंत चढणे अपेक्षित आहे. दाब चढतच नसेल तर भरण होत नाही. तो साडेसात किंवा पंधरा व्होल्टांपलीकडे गेला, तर नियामक निकामी आहे. अशा गाडीत बॅटरीचे पाणी झपाट्याने आटते व दिवे जळतात. बुलेटच्या दिव्यावरील डब्यात बसविलेला अँपिअरमापक या परीक्षेस साहाय्यक ठरतो. इंजिनाची गती वाढूनही काटा धन बाजूस सरकत नसेल, तर तपासाची दिशा निश्चित होते.

डायनॅमो हा स्वयं-उत्तेजित असतो. त्याच्या लोहगाभ्यात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर आरंभीचा दाब निर्माण होतो, त्या दाबाने क्षेत्र-कुंडलात प्रवाह वाहतो, आणि चुंबकत्व वाढत जाऊन पूर्ण दाब उत्पन्न होतो. कित्येक वर्षे पडून राहिलेल्या गाडीत हे अवशिष्ट चुंबकत्व लोपलेले असू शकते. डायनॅमो तेव्हा निर्दोष असूनही मृतवत भासतो. यंत्राच्या जोडणीनुसार क्षेत्र-कुंडलास क्षणभर योग्य ध्रुवतेने बॅटरी जोडली की ते पुनः प्रस्थापित होते. ब्रश झिजणे व कॉम्युटेटरवर काजळी साचणे ही इतर दोन सामान्य कारणे साफसफाईने दूर होतात. या तीन गोष्टी न पाहताच डायनॅमो टाकून देण्यात येतो, हे खेदाचे आहे.

डायनॅमोसोबतच्या नियामकात एक कट-आउट असतो. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा अधिक होताच त्याचे पॉइंट जुळतात व दाब उतरताच ते सुटतात. ते पॉइंट चिकटून राहिले तर इंजिन थांबल्यावर बॅटरी डायनॅमोमधूनच रिकामी होऊ लागते. गळतीची परीक्षा करताना हा दोष तत्काळ उघड होतो.

आल्टरनेटरच्या गाडीत अवशिष्ट चुंबकत्वाचा प्रश्न उद्‍भवत नाही, कारण फिरता चुंबक स्थायी असतो. तेथे दिष्टकारक हा दुबळा दुवा ठरतो. चार डायोडांच्या सेतूतील एक डायोड तुटला तर अर्धी लहर वाया जाते. बॅटरी भरत असल्याचे दिसते. पण तिला निम्मेच भरण मिळते व रात्रीच्या वापरात ती हळूहळू उतरते. प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी मोजल्यावाचून हा दोष ध्यानात येत नाही.

भरण होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून बघण्याची एक प्रथा आढळते. ती सर्वथा त्याज्य आहे. बॅटरी ही मंडलातील दाब स्थिर ठेवणारा मोठा आधार असते. ती दूर होताच दाब एकदम उसळतो, आणि बल्ब व डायोड एका क्षणात निकामी होतात. निर्दोष यंत्रात दोष निर्माण करणारी ही परीक्षा आहे.

प्रज्वलनाची परीक्षा

बॅटरी-कॉइल प्रज्वलनात पॉइंट उघडताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह खंडित होतो आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. पॉइंटला समांतर असलेला कंडेन्सर, साधारणतः ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा, तेथील ठिणगी दाबून टाकतो व प्रवाह तत्काळ तुटेल अशी व्यवस्था करतो. कंडेन्सर बिघडला की पॉइंटवर मोठी निळसर ठिणगी दिसते, त्यांचे मुख जळून खड्डे पडतात, आणि प्लगवरची ठिणगी मात्र क्षीण होते. कंडेन्सरचा दोष कित्येकदा तापल्यावरच प्रकटतो : गाडी सकाळी सुरू होते, वीस-पंचवीस किलोमीटरांवर बंद पडते, आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते. अशा वेळी थंड स्थितीतील मापन निर्णायक मानू नये.

प्लग काढून इंजिनाच्या डोक्यावर टेकवून ठिणगी पाहण्याची रीत उपयुक्त असली तरी अपुरी आहे. उघड्या हवेत जी फट सहज ओलांडली जाते, तीच फट सिलिंडरमधील दाबलेल्या वायूत ओलांडण्यास कितीतरी अधिक व्होल्ट लागतात. त्यामुळे बाहेर ठिणगी दिसली म्हणून आत ती पडतेच असे नाही. बाहेर सहा-सात मिलिमीटरांची फट ओलांडणारी ठिणगी मिळाली, तरच कॉइल समाधानकारक समजावी.

स्थानिक हवामानाचा परिणाम

नाशिक परिसरात ऋतूंचा ठसा विद्युत्-दोषांवर स्पष्ट उमटतो. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या बाजूस शहराहून कितीतरी अधिक पाऊस पडतो. तिकडून आलेल्या गाडीत जोडांवरील हिरवट गंज, खटक्यांतील ओल आणि उच्च दाबाच्या तारेवरून होणारी गळती हे दोष प्रामुख्याने संभवतात. जावा-येझदीचे चाहते जुलैच्या दुसऱ्या रविवारी आपला वार्षिक दिवस साजरा करतात. म्हणजे या गाड्या ऐन पावसातच सर्वाधिक संख्येने रस्त्यावर येतात.

निफाडच्या थंडीत रासायनिक विक्रिया मंदावून बॅटरीची उपलब्ध धारणशक्ती घटते. सीमेवर असलेली बॅटरी थंडीतील पहाटे दगा देते. उलट, उन्हाळ्यात पडून असलेल्या बॅटरीचे आपोआप रिकामे होणे तापमानाबरोबर वेगाने वाढते, द्रव आटतो आणि सल्फेट कठीण होते. बॅटरी थंडीत बंद पडली, तरी तिची हानी बहुधा मागील उन्हाळ्यातच झालेली असते.

एक उदाहरण

वरील क्रमाचे स्वरूप एका कल्पित परंतु प्रातिनिधिक उदाहरणाने स्पष्ट होईल. डायनॅमो असलेली, नुकतीच रंगविलेली सहा व्होल्टांची एक गाडी आहे. महिन्यापूर्वी घातलेली नवी बॅटरी दर आठ-दहा दिवसांनी बसते, रात्री दिवा मंद होतो, आणि डायनॅमो बदलावा असा सल्ला मिळालेला आहे.

बॅटरीचा स्थिर दाब ५.९ व्होल्ट व तिन्ही घटांचे गुरुत्व १.१३ भरते. घट सारखेच उतरलेले असल्यामुळे अंतर्गत दोषाचा संशय मावळतो. बाहेर भरल्यावर गुरुत्व १.२६ होते आणि सहा अँपिअरच्या भारावर दाब ६.० व्होल्ट टिकतो. बॅटरी निर्दोष. किल्ली बंद असता गळती शून्य. कट-आउटही निर्दोष.

आता दिवा लावून इंजिन मध्यम वेगाने चालविले असता बॅटरीवर केवळ ६.२ व्होल्ट मिळतात. डायनॅमो दुबळा आहे असेच कोणासही वाटेल. परंतु मापक थेट डायनॅमोच्या अग्रावर व त्याच्या शरीरावर लावताच ७.० व्होल्ट दिसतात. म्हणजे उत्पादक दाब देत आहे, ०.८ व्होल्ट वाटेत नाहीसे होत आहेत. धन बाजूची घट ०.२ भरते. इंजिनाचे शरीर आणि बॅटरीचे ऋण अग्र यांच्या दरम्यान ०.६ व्होल्ट सापडतात. डायनॅमोचा प्रवाह पाच अँपिअर असता हा रोध ०.१२ ओहम होतो. नियामक डायनॅमोच्याच अग्रांवरील दाब पाहून तृप्त राहतो, आणि बॅटरी रोज संध्याकाळी थोडी थोडी रिकामी होत जाते. इंजिनाच्या टेकूखालील नवा रंग खरवडून एक जाड तार जोडली की दोष संपतो. बदलावा लागलेला भाग एकही नाही.

निष्कर्ष

या विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. प्रथम, बॅटरी रिकामी होण्याची कारणे अपुरे भरण, गळती, वाढलेला भार आणि अंतर्गत दोष अशी चार आहेत, आणि त्यांपैकी शेवटच्याच कारणासाठी बॅटरी बदलणे सयुक्तिक ठरते. दुसरे, मोकळ्या मंडलातील दाब मार्गाच्या स्थितीविषयी काहीही सांगत नाही; मापन प्रवाह वाहत असतानाच झाले पाहिजे. तिसरे, सहा व्होल्टांच्या गाडीत जोड व अर्थिंग यांचे महत्त्व बारा व्होल्टांच्या गाडीहून कितीतरी अधिक आहे, आणि सजावटीनंतर त्यांची परीक्षा अवश्य करावी. चौथे, उत्पादकासंबंधी निर्णय त्याच्या स्वतःच्या अग्रांवर मापन केल्याखेरीज देऊ नये.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना वाहनाची तपासणी होते, आणि दिवे व भोंगा सुस्थितीत असणे तीत आवश्यक ठरते. घाटातील रात्रीच्या प्रवासाची कसोटी त्याहून कठोर आहे. या दोन्ही कसोट्यांना जुनी गाडी उतरू शकते. त्यासाठी साधा मल्टिमीटर, हायड्रोमीटर, दोन तारांचा बल्ब आणि वाचने क्रमाने टिपून ठेवण्यासाठी एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे.